नाशिकमधली अंत्यविधी सेवा : आळीतून एजन्सीपर्यंत

तिरडीच्या बांबूपासून शववाहिकेपर्यंत सगळी व्यवस्था एका फोनवर करून देणारे लोक आज नाशिकमध्ये आहेत. या कामाला धंदा म्हणताना अनेकांची जीभ अडखळते. पण ही सेवा कुठल्या गरजेतून आली हे पाहिलं, तर ती कशी द्यावी हेही समजतं.

जुन्या नाशकात मयताचं काम आळी करायची. कोणी बांबू-सुतळी आणायला धावायचं, कोणी मडकं, गोवऱ्या, कापूर गोळा करायचं, कोणी गावोगावी निरोप धाडायचं. तिरडी कशी बांधायची हे ठाऊक असलेली एक-दोन माणसं प्रत्येक आळीत असायची आणि त्यांना बोलवावं लागत नसे. घरच्यांना काही विचारावं लागू नये, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. मुसलमान मोहल्ल्यात गुसलपासून, म्हणजे मयताला अंघोळ घालण्यापासून, कबरस्तानापर्यंत असंच जमातीचं पाठबळ असतं.

दुसरा आधार गोदाकाठचा. रामाने दशरथाचं श्राद्ध रामकुंडावर केलं आणि इथल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात, या श्रद्धेपायी लांबलांबची कुटुंबं इथे येत आली. १८६०च्या दशकात मुंबईकडून रेल्वे आल्यावर हा ओघ वाढला. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचं विसर्जनही इथे झालं. या अनोळखी दुःखितांना सांभाळलं ते तीर्थोपाध्यायांनी. आडनाव आणि मूळ गाव विचारून ते वही उघडतात. पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, सोबत कोण होतं, हे त्यात सापडतं; जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. वडिलांना नुकताच अग्नी देऊन आलेला मुलगा खापरपणजोबांचं नाव ऐकतो, मग वडिलांचं नाव त्याच वंशावळीत लिहिलं जाताना पाहतो. शोकात बुडालेल्या माणसाला याहून मोठा आधार मला तरी सुचत नाही. दक्षिणेचा हिशेब त्यानंतरचा.

मृताला नीट पोचवण्याच्या इतिहासात नाशिकच्या शरणपूरलाही मानाची जागा आहे, जरी ती फारशी कोणाला माहीत नसली. १८५४च्या सुमारास मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली इंग्रजांकडचा प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती वेनराइटने. मग मीठ लावून उन्हात वाळवलेला देह त्यांनी महिनोन्‌महिने पायी वाहून किनाऱ्यावर आणला. पुढे वेनराइट शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला.

तिसरा हात नगरपालिकेचा, पुढे १९८२पासून महापालिकेचा. अमरधाम, विद्युतदाहिनी आणि मोफत अंत्यसंस्कार योजना यांमुळे सरणाच्या खर्चाची धास्ती गरीब घरांना उरली नाही. ही योजना शहराला भूषणावह आहे, असं मला मनापासून वाटतं.

मग एजन्सी का लागली? सातपूर-अंबडला कारखाने आले, सिडको वसली. धुळे-जळगावहून आलेल्यांचे भाऊबंद गावीच राहिले आणि शेजारी नवे होते. पुढे मुलं अमेरिकेत गेली. त्यांची वाट पाहायची तर देह ठेवायला विजेवरची शीतपेटी हवी. इमारतीत चाळीस बिऱ्हाडं असली, तरी तिरडी बांधता येणारा एकही नसतो. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, तर सख्ख्यांनाही जवळ जाता येईना; कित्येकांचे विधी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी केले. ज्या घरांनी ते पाहिलं, त्यांना परक्या हातांचं मोल सांगावं लागत नाही.

एजन्सीने आळीची जागा घेतली असेल, तर आळीचे नियमही तिला लागू होतात. दर आधी आणि एकदाच सांगावा. रडणाऱ्या बाईसमोर चंदनाचा, महागड्या रथाचा विषय काढू नये. पालिकेच्या योजनेत काय मोफत मिळतं हे स्वतःहून सांगावं, भले त्यात आपलं गिऱ्हाईक कमी होवो. खांदा द्यायला घरची माणसं असतील तर आपण मागे राहावं.

आळीला जे कधी करावं लागलं नाही ते म्हणजे कागदपत्रं. १९६९च्या कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखान्यातल्या मृत्यूची माहिती दवाखाना देतो, घरच्या मृत्यूची जबाबदारी कुटुंबावर येते आणि त्यासाठी डॉक्टरांचा कारणाचा दाखला लागतो. अर्जातलं नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळवून घ्यावं. एका वेलांटीपायी पेन्शन आणि बँक महिनोन्‌महिने अडते. निफाड-दिंडोरीकडे जमीन असेल, तर सातबारावर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. हे दहाव्याच्या गडबडीत सांगू नये. तेरावं उरकलं की घरातल्या एका सावध माणसाला बाजूला घेऊन, कागदावर लिहून द्यावं.