झेंडे समुद्राचे, वाळू दोन रंगांची

युएईचा चार रंगांचा झेंडा आपल्याला दुबईच्या जाहिरातींमधून पाठ झालाय, पण तो 1971 चा, म्हणजे तसा नवाच. त्याआधीचे सातही अमिरातींचे झेंडे शेजारी शेजारी ठेवून बघा, सगळे नुसते लाल नाहीतर लाल-पांढरे. दुबई आणि अजमानचा तर सेम टू सेम, काठीकडे पांढरा पट्टा आणि बाकी लाल, अबूधाबीचा फक्त वरचा कोपरा पांढरा, शारजा आणि रास अल खैमाला चारी बाजूंनी पांढरी किनार.

याचं मूळ शोधत गेलं तर आपण थेट मुंबईत पोचतो! कासिमी लोकांची (म्हणजे शारजा आणि रास अल खैमावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या माणसांची) गलबतं चाचेगिरी करतात असं म्हणत ब्रिटिशांच्या मुंबई सरकारने 1819 च्या शेवटी आरमार पाठवलं, रास अल खैमा जिंकलं आणि 1820 मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला (चाचेगिरीचा हा आरोप शारजाच्या आत्ताच्या शासकांना अजिबात मान्य नाही, त्यांनी त्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलंय). त्या तहात एक कलमच होतं की मित्र अरबांनी लाल झेंडा पांढऱ्या किनारीत लावायचा, म्हणजे लांबून गलबत दिसलं की आपलं कोण ते कळावं. कासिमींचा लाल होताच, पांढरा तहाने आला. फुजैराचा मात्र नुसता लाल राहिला, कारण ते पलीकडे ओमानच्या आखातावर, आणि त्याला वेगळं राज्य म्हणून ब्रिटिशांनी मानलं ते पार 1952 मध्ये.

आता योगायोग बघा, तिथली वाळूपण पांढरी आणि लाल. किनाऱ्याजवळची फिकट, कारण तिच्यात शिंपल्यांचा आणि प्रवाळाचा चुरा भरपूर, आणि आत वाळवंटातल्या लिवा ओअॅसिसकडे जाल तशी ती तांबूस होत जाते, कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा म्हणजे गंजाचा पातळ थर असतो म्हणून. ही वाळू आली कुठून हे मला सगळ्यात भारी वाटतं. साधारण 20,000 वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती आणि पर्शियन आखाताची सरासरी खोली जेमतेम 35 मीटर, म्हणजे आखात जवळपास कोरडं! त्या उघड्या तळावरची वाळू शमाल नावाच्या वायव्येच्या वाऱ्याने उचलून दक्षिणेकडे टाकली. पुढे हवामान ओलं झालं तेव्हा रुब अल खालीत, जे आज महाराष्ट्राच्या दुप्पट मोठं वाळवंट आहे, तिथे चक्क तळी होती.

या आतल्या भागात झेंड्याचं काम फारसं पडायचं नाही. तिथे रेघ मारलेली सीमा नव्हती, विहीर कोणाची आणि टोळी कोणत्या शेखाला मानते एवढंच चालायचं. मग तेलामुळे सीमा हव्या झाल्या, आणि 1950 च्या दशकात ज्युलियन वॉकर नावाचा ब्रिटिश अधिकारी गावोगाव फिरून तुम्ही कोणाचे असं विचारत नकाशा काढत बसला, त्यामुळे तो नकाशा ठिगळं लावल्यासारखा दिसतो. युएईच्या पोटात मधा हा ओमानचा तुकडा, आणि मधाच्या पोटात नहवा नावाचं गाव, ते परत शारजाचं. गाडीने गेलात तर थोड्या वेळात दोनदा देश बदलतो आणि वाटेत चेकपोस्ट वगैरे काहीच नाही.