विजेता (हिंदी चित्रपट)

विजेता : 1982 सालचा हिंदी चित्रपट. दिग्दर्शन व छायाचित्रण गोविंद निहलानी, निर्मिती शशी कपूर. आईवडिलांच्या बेबनावात वाढलेला, पुढे काय करायचे हे न उमगलेला अंगद हा मुलगा हवाई दलात जातो आणि लढाऊ वैमानिक होतो, एवढीच त्याची गोष्ट. अंगदचे काम शशी कपूर यांचे चिरंजीव कुणाल यांनी केले. वडील निहाल शशी कपूर आणि आई नीलिमा रेखा यांनी रंगवली. अमरीश पुरी प्रशिक्षक व्हर्गीस यांच्या, तर सुप्रिया पाठक त्यांच्या मुलीच्या भूमिकेत आहेत.

निहलानी यांचा ‘आक्रोश’ 1980 चा आणि ‘अर्धसत्य’ 1983 चा. त्या दोन धगधगत्या चित्रपटांच्या मध्ये आलेला ‘विजेता’ काहीसा झाकोळला गेला. शशी कपूर यांच्या ‘जुनून’ व ‘कलयुग’ या निर्मितींचे छायाचित्रण निहलानी यांचेच, तेव्हा ही जोडी नवी नव्हती.

चित्रपट हिंदी असला, तरी त्याच्या घडणीत मराठी हात बरेच आहेत. कथा-पटकथा कवी दिलीप चित्रे यांची. पुढे ‘अर्धसत्य’ला ज्या कवितेने नाव दिले, ती त्यांचीच. संवाद मुंबईच्या रंगभूमीवर मराठी नाटके हिंदीत आणणाऱ्या सत्यदेव दुबे यांनी लिहिले. गीते वसंत देव यांची. अजित वर्मन यांनी अहिरभैरवात बांधलेले ‘मन आनंद आनंद छायो’ हे गीत आजही चित्रपटापेक्षा अधिक लोकांना ठाऊक आहे. आशा भोसले यांच्याबरोबर त्यात कुमार गंधर्वांचे शिष्य सत्यशील देशपांडे यांचा आवाज आहे. सकाळचा राग, वाद्यांचा गलबला नाही, चाल बंदिशीच्या वळणाची. लढाऊ विमानांच्या चित्रपटात असे गाणे असावे, यातच त्याचा पिंड कळतो.

युद्धपटात सहसा शौर्य आधी ठरते आणि माणूस त्यात बसवला जातो. इथे मुलगा आधी आहे, आणि त्याचे मोठे होणे शिकण्याच्या टप्प्यांनी मोजले जाते. हे टप्पे प्रत्यक्षातही कठोरच. बारावीनंतर हवाई दलाकडे जाणारी एक रूढ वाट पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जाते. तिथे तीन वर्षे, सहा सत्रे. मग उड्डाणाचे शिक्षण हैदराबादजवळच्या डुंडीगळच्या हवाई दल अकादमीत. त्या काळी उमेदवार पंख्याच्या एचटी-2 सारख्या विमानावर हात बसवत आणि नंतर किरण या जेट विमानावर जात.   प्रशिक्षकाविना एकट्याने केलेले पहिले उड्डाण, म्हणजे ‘सोलो’, वैमानिक जन्मभर विसरत नाही. मागची किंवा शेजारची खुर्ची रिकामी असते आणि चूक सावरायला कोणी नसते. ते न जमणाऱ्यांची वाट तिथेच बदलते.

त्यापुढची खरी परीक्षा मिग-21 या लढाऊ विमानाची. 1963 पासून भारतात आलेले हे हवाई दलाचे पहिले स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, विमान. पंख आखूड व त्रिकोणी, त्यामुळे धावपट्टीवर टेकतानाही वेग ताशी 300 किमी.पेक्षा जास्त. संथ प्रशिक्षण विमानांवरून या विमानावर जाताना मधली पायरी उंच पडते, ही तक्रार हवाई दलात पुढे बरीच वर्षे राहिली. ती पायरी भरून काढणारे हॉक हे प्रगत जेट प्रशिक्षण विमान 2008 मध्ये दाखल झाले.

हवाई दलाच्या सहकार्याने चित्रित झालेली खरीखुरी विमाने हे चित्रपटाचे मोठे बळ. संगणकाने रंगवलेल्या आजच्या हवाई लढायांपुढे ही दृश्ये साधी वाटतील, पण धावपट्टीवरचा धूर, वैमानिकाच्या डोक्यावरचे झाकण बंद होतानाचा आवाज, घामेजलेले चेहरे यांत वजन आहे. कथेचा घरगुती धागा मात्र काही ठिकाणी सैल पडतो. आईवडिलांचे दुरावलेपण जितके सूचक, तितके अंगदचे प्रेमप्रकरण ठसठशीत नाही.

मिग-21 भारतीय हवाई दलातून 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले.