वापरलेली रोड सायकल फ्रेम

रोड सायकलची फ्रेम आणि पुढचे चाक धरणारा चिमटा (फोर्क) सेकंडहँड घेऊन त्यावर चाके, गिअर, ब्रेक स्वतः चढवणे हा चांगली सायकल कमी पैशांत उभी करण्याचा जुना मार्ग आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या माणसाला त्यासाठी कोल्हापूर-पुण्यापासून हुबळी-बंगळूरपर्यंत नजर ठेवावी लागते. घेणारा बहुधा आधी वजन विचारतो, मग धातू. इथल्या रस्त्यांवर चालवायची असेल तर पहिला प्रश्न हा असावा : हिच्यात किती रुंद टायर बसतो?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता जंगलातला, मुसळधार पावसाचा. जांभ्याची तांबडी माती तिथे डांबरावर वाहून येते. पूर्वेला गोकाक-अथणीकडे पाऊस कमी, जमीन काळी, आणि उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांची सतत ये-जा. महामार्ग सोडून गावाकडे वळले की खड्डे, खडी आणि न रंगवलेले गतिरोधक यांची तयारी ठेवावी लागते.

अशा रस्त्यावर अंग किती हादरते ते मुख्यतः टायरवर ठरते. फ्रेमची त्रिकोणी रचना उभ्या दिशेने अगदीच थोडी दबते. टायर त्याच धक्क्याला कितीतरी मिलिमीटर दबतो. २३ मिमीच्या जागी २८ मिमीचा टायर घातला की आतल्या हवेचे आकारमान जवळजवळ दीडपट होते. सत्तर किलोच्या स्वाराला २३ मिमीत १०० पौंडांच्या आसपास हवा मारावी लागते, २८ मिमीत ७० ते ८० पौंड पुरते, ३२ मिमीत त्याहूनही कमी. त्यानंतर सीटखालच्या दांडीचा नंबर लागतो : २७.२ मिमीची, बरीचशी बाहेर राहणारी दांडी जाड दांडीपेक्षा जास्त लवते. पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या आडव्या नळ्या ४०५-४१० मिमी लांबीच्या असतील तर ती शर्यतीची फ्रेम. ४२० मिमीच्या पुढे सीट मागच्या चाकाच्या आसापासून दूर जाते आणि धक्का थोडा सौम्य होऊन पोचतो.

म्हणून टायरची जागा स्वतः मोजावी. तो तीन ठिकाणी अडतो : चिमट्याच्या माथ्याखाली, मागच्या ब्रेकच्या पुलाखाली आणि पायडलच्या आसामागे. चाक बसवून, टायर पूर्ण फुगवून, फटीत ४ मिमीची ॲलन की सरकवून बघावी. ती अडखळली तर त्या टायरने पावसाळ्यात चालवू नये. चिखलातला एक खडा रंग आणि खालचा धातू खरवडत राहतो. रुंद रिमवर २८ मिमीचा टायर ३० मिमीपर्यंत फुगतो, हेही धरावे. रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये ब्रेकची पोच, म्हणजे ब्रेकच्या बोल्टापासून रबरापर्यंतचे अंतर, कळीची आहे. ३९-४९ मिमी पोचेच्या ब्रेकखाली बहुधा २५ किंवा २८ मिमीवर थांबावे लागते, ४७-५७ मिमीच्या ब्रेकखाली ३२ मिमी मावू शकतो. खानापूरच्या बाजूला पावसात नियमित चालवणाऱ्याने डिस्क ब्रेकची फ्रेम घेतलेली बरी, कारण ती तांबडी रेती रिम खाऊन टाकते.

धातूबद्दल गैरसमज फार आहेत. ‘ॲल्युमिनियम कडक, स्टील मऊ’ असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो. तो भरून काढायला नळ्या जाड व्यासाच्या करतात आणि त्या व्यासामुळे फ्रेम ताठ होते. १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स कंपनीच्या ‘५३१’ स्टील नळ्यांच्या फ्रेम आजही चालवल्या जातात, पण सीमाभागात स्टील घेण्याचे माझ्या मते खरे कारण म्हणजे ते दुरुस्त होते. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंग हाताशी आहे. मात्र पातळ नळीवर नेहमीचा वेल्डर नको; ब्रेझिंगचा, म्हणजे नळी न वितळवता पितळेने जोड भरण्याचा, हात असलेला माणूसच हवा. ६०६१ जातीचे ॲल्युमिनियम जोडता येते, पण नंतर उष्णोपचार लागतो. तो झाला नाही तर जोडाशेजारचा भाग कमजोर राहतो.

पाहणी उन्हात करावी. फ्रेम समोरून धडकलेली असेल तर पुढच्या डोक्याच्या (चिमट्याचा दांडा ज्यातून जातो त्या आखूड नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाशी रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा दिसतो. बोट फिरवले की डोळ्याआधी कळतो. नळीच्या मधला उथळ पोचा स्टीलमध्ये चालून जातो, जोडाजवळची चीर कशातच नाही. कार्बन फायबरच्या फ्रेमवर नाण्याने हलके टकटक करावे. आवाज खणखणीत यायला हवा. एखाद्या जागी तो बद्द झाला तर सोडून द्यावी. सरळपणासाठी सुतळी पुरते : मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेतून पुढच्या डोक्याला वळसा घालून ती दुसऱ्या खाचेत बांधावी आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा.

सीटची दांडी आपल्यासमोर काढायला लावावी. “घट्ट बसलंय, काढायची गरज नाही की हो” असे उत्तर आले तर सावध व्हावे. स्टीलमध्ये ॲल्युमिनियमची दांडी घाम आणि पावसाच्या पाण्याने अशी धरते की कधी कधी कापूनच काढावी लागते. दांडी निघाली की फ्रेम उलटी करून झटकावी. तांबूस भुकटी पडली तर आत गंज आहे. पायडलच्या आसाच्या डब्यात पाणी साचते, तिथले आटेही बघावेत. इंग्लिश आटे (६८ मिमी डबा) असतील तर सुटे भाग सहज मिळतात. इटालियन आट्यांचे भाग मागवावे लागतात, जुन्या फ्रेंच आट्यांचे शोधत बसावे लागते.

मागच्या खाचांमधले अंतर जुन्या फ्रेममध्ये १२६ मिमी असते, आठ गिअरपासून पुढे रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये १३०. स्टील दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी फाकवून जमवता येते. ॲल्युमिनियम आणि कार्बनला हा प्रयोग अजिबात करू नये. टायर बसतो तिथला रिमचा व्यासही तपासावा. आजची रोड चाके ६२२ मिमीची, जुनी सत्तावीस इंची ६३० मिमीची, आणि आपल्याकडची अठ्ठावीस इंची साधी सायकल ६३५ मिमीची. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

माप आपल्याला जमत नसेल तर स्वस्त मिळाली म्हणून फ्रेम घेऊ नये. वरची नळी लांब पडली की मान आणि तळहात दुखतात, आणि तो त्रास कुठल्याही टायरने जात नाही.

सायकलला आरटीओची नोंदणी नसते. त्यामुळे बिल आणि फ्रेमवरचा नंबर, जो बहुधा पायडलच्या डब्याखाली ठोकलेला असतो, हाच मालकीचा पुरावा. दोन्ही जुळवूनच पैसे द्यावेत. बसने किंवा ट्रान्स्पोर्टने मागवताना मागच्या खाचांमध्ये आणि चिमट्याच्या टोकांत अंतराएवढा लाकडी ठोकळा घट्ट बांधायला विकणाऱ्याला सांगावे, नाहीतर वर पडलेल्या पोत्याच्या भाराने त्या आत दबून येतात.