रिकामी जलवाहिनी काय ओढून घेते?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात 'जीबीएस'चे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकामागोमाग आढळू लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि साऱ्यांचे लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळले. तेव्हा संशय मुख्यतः नांदेड गावाच्या विहिरीवर होता. तरीही त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला: जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छ निघत असेल, तर ते घरच्या नळाला येईपर्यंत बिघडते कसे? 'कुठेतरी पाइप फुटला असेल' हे त्याचे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. पाइप फुटका असणे एवढ्याने पाणी दूषित होत नाही. त्या पाइपात दाब नसावाही लागतो.

दाबाशिवाय वाहणारे पाणी पुण्याला नवे नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले, ते दगडी बांधकामाच्या भुयारी नळातून. केवळ उतारावर वाहणाऱ्या त्या पाण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळण्यासाठीची उघडी धुराडी, ठेवले होते आणि शेवटी ते पेठांमधल्या हौदांत पडत असे. तेथून लोक ते घागरींनी भरून नेत. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवणे त्या व्यवस्थेला शक्य नव्हते. ते साधले लोखंडी, बंदिस्त, दाबाखालच्या नळांमुळे. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी आले ते अशा नळांतून. आज आपण उंच जलकुंभ बांधतो तेही याच दाबासाठी, कारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा स्तंभ साधारण एका वातावरणाएवढा दाब देतो.

हा दाब पाण्याला घरापर्यंत ढकलतो, आणि त्याशिवाय एक पहाराही देतो. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो; शाळेतल्या v = √२gh या सूत्रात h, म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची, १० मीटर घातल्यास तो सेकंदाला १४ मीटर येतो. अशा जोराने पाणी बाहेर पडत असताना शेजारच्या गटारातले जंतू त्याच भोकातून आत शिरू शकत नाहीत. गळती होते, पाणी वाया जाते, महापालिकेचे नुकसान होते. पण पिणाऱ्याचे होत नाही.

आता चावीवाला येतो आणि व्हॉल्व्ह बंद करतो. पुरवठा थांबला तरी सखल भागातले नळ काही वेळ चालूच असतात, त्यामुळे नळातले पाणी तिकडे उतरत जाते आणि चढावरच्या भागात पोकळी तयार होऊन दाब वातावरणाच्याही खाली जातो. कोणी थेट नळाला मोटार लावली असेल तर ती उरलेसुरले पाणी ओढते आणि पोकळी आणखी वाढवते. अशा वेळी पाइप शहाळ्यातल्या नळीसारखा वागतो: भोकाबाहेर जे असेल ते आत येते. मोटार नसली आणि दाब नुसता शून्यावर, म्हणजे बाहेरच्या हवेइतका, आला, तरी भोकाच्या वर अर्धा मीटर सांडपाणी साचलेले असल्यास ते सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने आत शिरू शकते. भोक तीन मिलिमीटर व्यासाचे असेल तर प्रवाह आकुंचन पावतो हे धरूनही तासाला जवळजवळ ४८ लिटर! पाइपाभोवती चिकणमाती घट्ट बसलेली असल्यास हा आकडा पुष्कळ खाली येतो; पण ड्रेनेजच्या फुटक्या चेंबरमधून गेलेल्या नळजोडणीला मातीचे हे संरक्षण मिळत नाही.

यावर 'पाण्यात क्लोरीन असतोच की' असे म्हटले जाते. असतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. मात्र मैलापाण्यात अमोनिया असतो आणि तो मुक्त क्लोरीनशी संयोग पावून क्लोरामाइन बनवतो. क्लोरामाइनची जंतू मारण्याची शक्ती बरीच कमी असते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर केली जाणारी ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन रसायनाची क्लोरीन-चाचणी, येथे फसवू शकते. मुक्त क्लोरीन असला की नमुना ताबडतोब पिवळा होतो, पण क्लोरामाइनमुळेही थोड्या वेळाने पिवळा रंग येतोच. म्हणून पाच मिनिटांनी नळी पाहून 'क्लोरीन आहे' असे लिहून टाकणे बरोबर नाही. शिवाय मुक्त क्लोरीनही दोन रूपांत असतो, हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. यांतले पहिले कितीतरी पटींनी प्रभावी असते. पीएच (पाणी जितके अल्कधर्मी तितका हा आकडा मोठा) ७.५ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे असतात, ८.५ ला आम्लाचा वाटा सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. 'अल्कलाइन' पाण्याचे यंत्र हजारो रुपयांना खपवणारे विक्रेते हे सांगत नाहीत. पाणी अल्कधर्मी केल्याने ते निर्जंतुक होत नाही, उलट क्लोरीनचा जोर तेवढा कमी होतो.

नळात दाब सतत ठेवणे, म्हणजेच चोवीस तास पाणी, हा या दुखण्यावरचा मुळातला उपाय आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही भागांना अखंड पुरवठा सुरू झाल्यावर संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे नमुने तपासले. खंडित पुरवठ्याच्या जवळजवळ एकतृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेले जिवाणू, सापडले; अखंड पुरवठ्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. पुढच्या आरोग्य-पाहणीत मात्र एकूण अतिसारात तितका फरक दिसला नाही, कारण मुलाच्या पोटात जंतू जाण्याचा नळ हा एकच मार्ग नसतो. अखंड पुरवठ्याच्या घरांत विषमज्वर कमी आढळला, हेही खरे.

'चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळपट्टी करतील' ही शंका सभांमध्ये हमखास निघते. परंतु आज पिंपे, हंडे, कळशा भरून ठेवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की कालचे 'शिळे' म्हणून मोरीत ओतले जाते, ही उधळपट्टी कोणी मोजत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून अखंड पुरवठा चालवून दाखवला आहे. मोठ्या शहरात ते अवघड आहे, हे मान्य करावे लागते. जुन्या नळांत सतत दाब ठेवला तर त्यांतली प्रत्येक गळती चोवीस तास वाहील. म्हणून आधी शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवावा लागतो आणि रात्री दोन-तीन वाजता, सारे झोपलेले असताना, आत किती पाणी जाते ते पाहावे लागते. तेव्हाचा प्रवाह म्हणजे बहुतांशी गळतीच.

तोवर खंडित पुरवठ्याच्या वस्तीत पाण्याचा नमुना केव्हा घेतला, याला महत्त्व आहे. पोकळीच्या काळात आत आलेली घाण पुरवठा सुरू होताच पुढे ढकलली जाते, म्हणून पहिल्या काही मिनिटांचे पाणी सर्वांत वाईट असते. नळ अर्धा तास वाहू देऊन, तोही जलकुंभाजवळच्या जोडणीवरून घेतलेला नमुना 'पिण्यास योग्य' ठरतो. त्याच सकाळी गल्लीच्या टोकाच्या शेवटच्या घरात, पाणी आल्या आल्या भरलेला हंडा तसा असेलच असे नाही.