प्रयोगशाळा शेजारी, वर्ग वेगळा: नागपूरच्या अभियांत्रिकी शिक्षणाची पार्श्वभूमी

सिव्हिलच्या प्रॅक्टिकलला ‘जार टेस्ट’ असते. सहा बीकरमध्ये गढूळ पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटी थोडी वाढवत न्यायची, आधी जोरात, मग संथ ढवळायचे आणि सगळ्यात कमी तुरटीत कोणते पाणी नितळ होते ते पाहायचे. रीडिंग जर्नलमध्ये उतरले, सही मिळाली की विषय संपला. याच तुरटीला चुन्याची जोड देऊन पाण्यातला दात-हाडांना घातक असा जादा फ्लोराइड काढणारी ‘नलगोंडा पद्धत’ नागपुरातल्याच नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केली, हे जर्नल लिहिणाऱ्या मुलांना सांगायलाच हवे.

संशोधन आणि वर्गातले शिकवणे यांची ही फारकत जुनी आहे. बर्लिन विद्यापीठाने 1810 पासून संशोधन आणि अध्यापन एकत्र नांदवले. आपली 1857ची विद्यापीठे मात्र लंडनच्या धर्तीवर निघाली. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्यांचे काम.

नागपूरची सुरुवात खरे तर वेगळी होती. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून 1942 साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, उभी राहिली. तेल, कागद, रंग, अन्नप्रक्रिया असे थेट कारखान्यांशी जोडलेले विषय तिथे रुजले. एका दात्याची ही दूरदृष्टी मला फार मोठी वाटते.

पुढे वाटा फुटल्या. 1958मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था आली, तीच 1974पासून नीरी. 1960मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे व्हीएनआयटी, सुरू झाले. एकीकडे संशोधन, दुसरीकडे पंचवार्षिक योजनांना लागणारे इंजिनीअर. शहर एक, पण कामाची वाटणी सरकारी कागदावरच झालेली. 1984च्या सुमारास खासगी महाविद्यालये आली आणि विद्यापीठाचा ठरलेला सिलॅबस वेळेत संपवणे हेच शिक्षकाचे मुख्य काम होऊन बसले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2010च्या नियमांनी शिक्षकांच्या बढतीत शोधनिबंधांना गुण दिले. निबंध वाढले तरी ते वर्गात पोचतातच असे नाही. हॅटी आणि मार्श या शिक्षण-संशोधकांनी 1996मध्ये 58 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चांगले संशोधन आणि चांगले अध्यापन यांत जवळजवळ संबंधच आढळला नाही. म्हणजे ही सांगड आपोआप बसत नाही, ती घालावी लागते.

2023मध्ये एलआयटी स्वतंत्र विद्यापीठ झाली. अभ्यासक्रम आता तिच्या हातात आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या भूजलात फ्लोराइड आजही आहे. नागपुरातल्या प्रत्येक महाविद्यालयात त्या सहा बीकरमध्ये तिथल्या हातपंपाचे पाणी आले पाहिजे.