सदाफुलीची पाने आणि कर्करोगाचे औषध

‘सदाफुलीची पाने रोज उपाशीपोटी चावून खा, कर्करोग बरा होतो, औषध त्यातूनच काढतात,’ असा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. घरात आजारी माणूस असला की तो खरा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय त्याचा अर्धा भाग खराच आहे.

विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावर वापरली जाणारी अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये) सदाफुलीतच सापडली. १९५० च्या दशकात मधुमेहावरचा गुण तपासताना पानांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि तिथून शोध कर्करोगाच्या औषधाकडे वळला. पण पानात ही द्रव्ये अत्यल्प असतात: एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. आम्लात अर्क काढायचा, मग तो अल्कधर्मी करून सेंद्रिय द्रावकात ओढायचा, क्रोमॅटोग्राफीने एकेक घटक वेगळा करायचा. सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइड आहेत, काही विषारी. मूठभर पानांतून कोणते किती पोटात गेले, हे कुणालाच सांगता येत नाही.

पडताळायचे असेल तर विनक्रिस्टिनच्या कुपीसोबतचे माहितीपत्रक वाचा. औषध फक्त शिरेतून द्यायचे, मात्रा शरीराच्या पृष्ठभागानुसार मिलिग्रॅममध्ये मोजायची, असे तिथे छापलेले असते. पाने सुरू केली असतील, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा.