न्यूयॉर्कचं पाणी नाही हो, भट्टीचं बूड बघा

फिनिक्सला यायच्या आधी आम्ही न्यू जर्सीत एडिसनला होतो आणि माझी नोकरी मॅनहॅटनमध्ये. संध्याकाळी पेन स्टेशनला ट्रेनची वाट बघताना एक स्लाइस मधोमध दुमडायची, तेल मनगटावर ओघळायच्या आत संपवायची, ही सवय अशी लागली की ॲरिझोनात आल्यावर पहिले सहा महिने मी फक्त तक्रार करत होतो. इथला पिझ्झा एकतर पावासारखा जाड नाहीतर पापडासारखा कडक. बेगल, म्हणजे तो कड्यासारखा चिवट पाव, इथे नुसता भोक पाडलेला बन.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, "न्यूयॉर्कसारखा पिझ्झा आणि बेगल जगात कुठेही होत नाही, कारण तिथलं पाणी. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." कुठल्या शास्त्रज्ञांनी ते अर्थातच लिहिलेलं नव्हतं. खाली लगेच दोघांनी लिहिलं की फ्लोरिडात काही दुकानं खास मशीन लावून नळाच्या पाण्याचं न्यूयॉर्कचं पाणी "बनवतात". ही मशीनवाली गोष्ट खरी आहे, असली दुकानं आहेत. पण मशीन आहे म्हणून दावा खरा ठरत नाही, नाहीतर आपल्याकडे घरोघरी विकलं जाणारं अल्कलाइन पाण्याचं यंत्रसुद्धा खरं मानावं लागेल.

तर आधी पाण्याचा हिशोब करून टाकू, मग मला ज्याबद्दल खरं बोलायचंय तिकडे वळतो.

न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी येतं कॅट्सकिल डोंगर आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून. तिथला खडक मुख्यतः वालुकाश्म आणि शेल, चुनखडी कमी, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम फारसं विरघळत नाही. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, साबणाचा फेस येणारं आणि न येणारं, ते हेच. (बोलताना आपण जड पाणी म्हणतो, पण अणुभट्टीतलं जड पाणी वेगळं, त्याचा पिझ्झा कुणी करू नये.) न्यूयॉर्कच्या पाण्याची कठीणता (ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात, नुसतं कॅल्शियम त्याहून कमी असतं) लिटरला साधारण २० ते २५ मिलीग्रॅम, फिनिक्सच्या नळाला २०० च्या वर. आमच्या नळांवर पांढरी पुटं चढतात ती उगाच नाही.

कॅल्शियमचा ग्लुटेनवर, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्यावर, परिणाम होतो का? होतो. ग्लुटेनच्या प्रथिनांवर विद्युतभार असतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, आणि क्षारांचे आयन मध्ये येऊन ते ढकलणं कमी करतात, मग जाळं घट्ट होतं. म्हणूनच अगदी मऊ पाण्यात पीठ जरा चिकट, सैल होतं. पण किती? एक किलो मैद्याला सहाशे ग्रॅम पाणी घेतलं तर फिनिक्सच्या पाण्यातून कॅल्शियम जातं फार तर ५० मिलीग्रॅम. त्या एक किलो मैद्यात स्वतःचंच कॅल्शियम १५० मिलीग्रॅमच्या आसपास असतं, मॅग्नेशियम त्याहून जास्त. वर आपण २० ग्रॅम मीठ ओततो, ग्रॅम, मिलीग्रॅम नाही. एवढ्या गर्दीत पाण्यातून आलेले ते ५० मिलीग्रॅम म्हणजे लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा जास्त आला इतकंच. आचाऱ्याला जाणवेल कदाचित, तो पीठ जरा वेगळं भिजवेल. खाणाऱ्याला कळणार नाही.

पिठाचं मात्र तसं नाही. न्यूयॉर्कचे पिझ्झावाले आणि बेगलवाले जे पीठ वापरतात त्यात प्रथिनं १३-१४ टक्के, आपला नेहमीचा मैदा १०-११ वर थांबतो. शिवाय तिथल्या बऱ्याच जुन्या दुकानांत पोटॅशियम ब्रोमेट घातलेलं पीठ चालतं, ते ग्लुटेनचे धागे एकमेकांना आणखी घट्ट बांधतं. आपल्याकडे भारतात ब्रोमेटवर २०१६ मध्ये बंदी आली आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केलाय की २०२७ पासून तिथेही बंद. म्हणजे "अस्सल" चवीचा एक भाग चक्क कायद्याच्या पुस्तकात अडकलाय. त्याची मला काही हळहळ नाही.

आता भट्टी. इथे मी थोडा रमणार आहे, कंटाळा आला तर सरळ बेगलपर्यंत उड्या मारा.

थंडीत पहाटे स्टीलच्या पेल्याला हात लावा आणि मग लाकडी पोळपाटाला लावा. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात रात्रभर पडलेले, दोघांचं तापमान एकच, तरी स्टील गार लागतं. कारण हात लागला त्या क्षणी हात आणि वस्तू यांच्या मधल्या पृष्ठभागाचं तापमान दोघांच्या मध्ये कुठेतरी ठरतं, आणि कुठे ठरतं ते कोण किती जोरात उष्णता देऊ-घेऊ शकतो यावर असतं. या जोराला थर्मल इफ्युसिव्हिटी म्हणतात. उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा या तिघांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचं. मला विचाराल तर शाळेत नुसती वाहकता शिकवतात आणि ही शिकवत नाहीत हा मोठा अन्याय आहे, कारण स्वयंपाकघरात अर्धा कारभार हिचाच.

पिझ्झा भट्टीत टाकला की हेच उलट्या बाजूने होतं. मळलेल्या पिठाचा जोर १ धरला तर भट्टीच्या विटेचा साधारण दीड आणि लोखंडाचा जवळपास १०. मधलं तापमान म्हणजे या वजनांनी काढलेली सरासरी. करून बघू. न्यूयॉर्कच्या गॅसच्या डेक ओव्हनचं दगडी बूड ३०० अंशाला असतं (सगळं सेल्सियसमध्ये बोलतोय, अमेरिकन लोकांचं फॅरनहाइट त्यांनाच लखलाभ) आणि पिझ्झा २० अंशाचा. दीड गुणिले ३०० अधिक २०, भागिले अडीच, आले १८८ अंश. म्हणजे पिझ्झ्याच्या तळाला पहिल्या क्षणी ३०० नाही, १८८ जाणवतं. तांबूस व्हायला आणि तो खमंग वास यायला तेवढं पुरतं, पाच-सात मिनिटांत काम होतं, तळ करकरीत पण आत मऊ, म्हणून दुमडता येतो.

आता घरचा ओव्हन घ्या. फार तर २६० पर्यंत जातो. लोक हौसेनं पिझ्झा स्टोन विकत आणतात, मीही आणला होता. दीड गुणिले २६०, अधिक २०, भागिले अडीच, १६४. चोवीस अंशांनी हुकलं. ऐकायला कमी वाटतं, पण भाजण्याच्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर भराभर वाढतात, त्यामुळे वेळ वाढवावा लागतो, वेळ वाढला की पाणी उडतं, पाणी उडालं की पापड. माझ्या सहा महिन्यांच्या तक्रारीचं उत्तर या एका ओळीत होतं!

आणि तोच दगड काढून जाड लोखंडी पत्रा ठेवला तर? १० गुणिले २६०, अधिक २०, भागिले ११, २३८ अंश. अहो, डेक ओव्हनच्या पुढे गेलो आपण. उलट हिशोब केला तर न्यूयॉर्कच्या ३०० अंशाच्या दगडाशी बरोबरी करायला लोखंड नुसतं २०५ अंशाला असलं तरी चालतं. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून १० मिलीमीटर जाडीची प्लेट कापून आणली, वजन इतकं की ओव्हनची जाळी वाकली आणि बायकोने आठवडाभर त्यावरून ऐकवलं. पण पहिल्या पिझ्झ्याचा तळ उलटून बघितला तेव्हा ती पण गप्प झाली.

जाणकार लगेच म्हणतील की हा हिशोब पहिल्या क्षणापुरता, जाड वस्तूंसाठी, आणि पिठातलं पाणी १०० अंशाला उकळताना केवढी उष्णता गिळतं ते यात नाही. बरोबर आहे. २०१८ मध्ये आंद्रेय वार्लामोव, आंद्रेयास ग्लात्झ आणि सेर्जिओ ग्रासो या तिघांनी पिझ्झा भाजण्याच्या भौतिकशास्त्रावर सविस्तर लेख लिहिला, त्यांनी हे सगळं धरलंय. वर मी वापरलेली पद्धत आणि ती वजनं तिथलीच आहेत, फक्त आकडे सोपे करून घेतलेत. त्यांचा निष्कर्ष असा की रोममध्ये विटेच्या भट्टीत ३३० अंशाला दोन मिनिटं लागतात, तर लोखंडी बुडाच्या विजेच्या ओव्हनमध्ये २३० अंशाला १७० सेकंद. मात्र लोखंडावर तळ आणि वरचा भाग एका वेळी होत नाहीत, वर भाज्या जास्त घातल्या की गणित बिघडतं.

वरच्या बाजूचं गणित वेगळंच, तिथे किरणोत्सर्ग. (अणूवाला नाही, तापलेल्या छताकडून येणारी उष्णता.) ती तापमानाच्या चौथ्या घातात वाढते, आणि तापमान केल्विनमध्ये. नेपल्सच्या भट्टीचा घुमट ४८५ अंशाला म्हणजे ७५८ केल्विन, घरचा ओव्हन २५० ला म्हणजे ५२३. भागाकार करून चौथा घात केला की सुमारे ४.४ पट येतात. म्हणून तिथला पिझ्झा ६० ते ९० सेकंदात होतो आणि कडेला ते चित्त्यासारखे काळे ठिपके उमटतात. घरी ते हवे असतील तर वरचं ब्रॉयलर पूर्ण लावून पत्रा त्याच्या जवळ आणायचा, दुसरा इलाज नाही. आणि नेपल्सवाले खाली लोखंड का लावत नाहीत हेही आता कळेल, ४८५ ला लोखंड म्हणजे तळाला ४४० च्या वर, कोळसाच. ते सोरेंतोच्या बाजूची सच्छिद्र मातीची फरशी वापरतात, तिचा जोर साध्या विटेपेक्षाही कमी, म्हणून एवढ्या धगीतही तळ करपत नाही. आपल्याकडे खानदेशात मांडे मातीच्या खापरावर करतात, बिडाच्या तव्यावर नाही, त्या बायकांनी ही वर्गमुळं न काढताच ओळखली होती.

खरं तर न्यूयॉर्कचा पिझ्झा हाच मुळात घरापासून लांब आलेला पिझ्झा. १९०५ मध्ये, असं म्हणतात, स्प्रिंग स्ट्रीटवर लोम्बार्डी हे पिझ्झ्याचं दुकान सुरू झालं तेव्हा लाकडाच्या जागी कोळशाची भट्टी होती, पुढे गॅसचे डेक ओव्हन आले, आच उतरली, वेळ वाढला, मग पाणी जास्त असलेलं ताजं मोझरेला चालेना म्हणून कमी ओलाव्याचं आलं. डेट्रॉइटवाल्यांनी १९४६ मध्ये लोखंडी चौकोनी पॅनमध्ये तिसरंच काहीतरी केलं. भट्टी बदलली की पदार्थ बदलतो, पाणी बिचारं निमित्तमात्र.

बेगल. याची गंमत भाजण्याआधीच्या उकळण्यात आहे. माल्ट घातलेल्या उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट टाकला की बाहेरच्या थरातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि त्याचं कवच बनतं. मग ओव्हनमध्ये तो पावासारखा फुगू शकत नाही, आत घट्ट चिवट राहतो, बाहेर चकाकी येते. गावोगावी मिळणारे बरेचसे बेगल उकळत नाहीत, वाफ सोडलेल्या ओव्हनमधून काढतात, कारण ते स्वस्त आणि झटपट. दुकानात विचारा, "उकळता का?" नाही म्हणाले तर पाण्याबद्दल बोलण्यात अर्थच नाही.

न्यूयॉर्कच्या डेलीतली (सँडविचच्या दुकानातली) पॅस्ट्रामी मी खात नाही, गोमांस आहे, पण तिचं रसायन सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही रुमानियन ज्यूंनी आणलेली, नाव तुर्की शब्दावरून, मूळ अर्थ दाबणं. तिकडे हंसाच्या मांसाचीही करायचे, न्यूयॉर्कमध्ये गाईच्या पोटाकडचा भाग स्वस्त म्हणून तो आला. मीठ आणि नायट्राइटच्या पाण्यात मुरवतात, नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड होतो, तो मांसातल्या मायोग्लोबिन या रंग देणाऱ्या प्रथिनाच्या लोहाला जाऊन चिकटतो आणि म्हणून शिजल्यावरही रंग गुलाबी राहतो, तपकिरी होत नाही. वर धणे आणि काळी मिरी थापतात (वास आपल्या मसाल्याच्या डब्याचा येतो, पहिल्यांदा मी फसलो होतो), धूर देतात आणि शेवटी तासन् तास वाफवतात. तेव्हा चिवट कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि मांस लुसलुशीत लागतं. यातलं काहीच न्यूयॉर्कला बांधलेलं नाही. अडतं ते गिऱ्हाईकावर. १८८८ पासून चालणाऱ्या कॅट्झसारख्या दुकानात रांग असते, तुकडा वाफेतून निघाला की लगेच कापून संपतो. जिथे दिवसाला चार गिऱ्हाइकं तिथे तोच तुकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाफेत बसतो, आणि मग कितीही अस्सल पाककृती असू दे, चोथा.

फिनिक्समध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या ख्रिस बियांकोने १९८८ मध्ये किराणा दुकानाच्या कोपऱ्यात पिझ्झा सुरू केला आणि २००३ मध्ये त्याला जेम्स बियर्ड हा अमेरिकेतला स्वयंपाकाचा मोठा पुरस्कार मिळाला. याच जड पाण्याच्या शहरात, वाळवंटात, लाकडाच्या भट्टीवर. ग्रुपवर मी एवढंच लिहून गप्प बसायला हवं होतं. पण वाद वाढला आणि न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सहून येणाऱ्या एका मित्राने बॅगेतून नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या, "घे, कर सिद्ध."

केलं. एकच पीठ, एकच यीस्ट, दोन डबे, तीन दिवस फ्रिजमध्ये, तोच लोखंडी पत्रा. डब्यांवर खुणा बायकोने केल्या, कुठला कुठला ते मलाही माहीत नव्हतं. सहा जण खायला. तिघांनी एक निवडला, दोघांनी दुसरा, एक म्हणाला दोन्ही द्या अजून. मित्राने छातीठोकपणे जो न्यूयॉर्कचा सांगितला तो फिनिक्सचा निघाला. सहा माणसांवर काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, त्यालाही आहे, तरी तो जरा हिरमुसला.

उरलेल्या पाण्याचा बायकोने कोरा चहा केला. इथे आमच्या कोऱ्या चहावर नेहमी तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा येतो, पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉल मिळून तो करतात. या चहावर नव्हता. स्वच्छ, लालबुंद. मित्र म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?"